दोंगकारच्या कानातली लोकर

चित्रलेखा टिपणीसच्या बॅगेत तिचं स्वतःचं असं फारसं काही नसायचं. दोन कुर्ते, एक स्वेटर, औषधांची पिशवी. बाकी सगळं लोकांचं. सिडनीहून जाताना कुणाच्या सासऱ्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या आणि कुणाच्या भाच्याचे बूट, कराडहून येताना कुणाचं मेतकूट, कुणाचा सोनाराकडून जोडून आणलेला सर. हॅरिस पार्कच्या मराठी घरांमध्ये तिला 'चित्रा कुरियर' असं नावच पडलं होतं.

"तुला नाही म्हणता येत नाही का गं?" निनाद विचारायचा. तिचा नवरा. दिवसभर बस चालवून आलेला, आणि वर या बॅगा वजनकाट्यावर चढवायचं काम त्याच्याकडे.

"येतं की. म्हणायचं नाही, एवढंच."

त्यामागे एक टोपी होती. चित्रलेखा २००८ साली शिकायला आली आणि मग एका व्हिसावरून दुसऱ्या व्हिसावर उड्या मारत तिने आठ वर्षं काढली. पाचव्या वर्षी कराडला वडील गेले. तेव्हा तिची केस अडकलेली. देश सोडला असता तर परतीचं दार बंद. आईने वडिलांची पांढरी टोपी ओळखीच्या एका बाईंकडे दिली. चित्रलेखा ती घ्यायला विमानतळावर दोन तास आधी जाऊन उभी राहिली. बाई गोड हसल्या. "अगं, बॅगेत जागाच उरली नाही बघ. पुढच्या वेळी नक्की!"

टोपीला लागून लागून जागा किती लागते? घडी घातली तर मुठीत मावते.

तेव्हापासून चित्रलेखाने कुणाला नाही म्हटलं नाही. उलट न सांगितलेलंही ती आणायची. तिच्या आईच्या घरी रीतच होती तशी. कुणी देवाला गेलं की घरी राहिलेल्यासाठी काहीतरी आणायचंच. अंगारा, फुलाची पाकळी, नाहीतर गाभाऱ्यातला एखादा दोरा. "न गेलेल्याचा हात रिकामा राहू नये," आई म्हणायची.

नोकरी पॅरामॅटाजवळच्या एका वृद्धाश्रमात, लाँड्रीत. एकशे दहा म्हातारी माणसं, त्यांचे ढीगभर कपडे, आणि प्रत्येक कपड्याच्या आत इस्त्रीने चिकटवलेली नावाची पट्टी. मिसेस डॉसन, खोली १४. मिस्टर पापास, खोली ३१. पट्टी निघाली की तो कपडा कुणाचाच नाही. मग तो कोपऱ्यातल्या निळ्या पेटीत जायचा. तीन आठवडे वाट बघायची, ओळख पटली नाही तर दान. नव्या बायकांना काम शिकवताना चित्रलेखा बजावायची, "कपडा फाटला तरी चालेल. पट्टी सांभाळा. पट्टी गेली की माणूस गेलं."

यांगझोम त्याच वृद्धाश्रमात केअरर होती. वय एकतीस, गालांवर कायमची लाली, ऐंशी किलोच्या म्हाताऱ्याला एका हाताने उठवून बसवणारी. हॅरिस पार्कमध्येच चार मुलींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. गाव थाङमो, नेपाळच्या पार उत्तर टोकाला. गाडीरस्ता संपल्यावर पुढे नऊ दिवस चालायचं. घरचा धंदा याकपालनाचा. दुपारच्या चहाला ती हटकून लाँड्रीत यायची आणि ड्रायरला पाठ लावून बसायची. दोघी बोलायच्या हिंदीत. यांगझोमची हिंदी टीव्हीवरून शिकलेली, आणि चित्रलेखाची हिंदी ऐकून यांगझोमसुद्धा हसायची.

"चार हजार मीटरवर जन्मलीस तू, आणि सिडनीत कुडकुडतेस?"

"तिथे याक असतो ना दीदी. इथे नुसता हीटर."

"मग मागव की एखादा. रोज ताजं याकचं दूध."

"याकचं दूध?" यांगझोमने कपाळावर हात मारला. "याक म्हणजे नर, दीदी! बैलाचं दूध काढतेस का तू गावाला?"

जुलैत केलीव्हिलला विलासच्या घरी बार्बेक्यू होता. विलास आयटीतला मोठा माणूस, आणि दर वर्षी कुठला ना कुठला डोंगर सर करणाऱ्या मराठी ग्रुपचा म्होरक्या.

"गाईज, गाईज, ऐका! एव्हरेस्टच्या पायथ्याशी आता कुणीही जातं. या सप्टेंबरला आपण जायचं थाङमोला. खरेखुरे याकवाले! नो वायफाय, नो लॉज. पायीच चालायचं, मेट!"

चित्रलेखाच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "कुठे म्हणालास?"

एरवी ती असल्या हौसेला जाणाऱ्यांतली नव्हती. पण त्याच आठवड्यात तिने नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी यांगझोमला सांगितलं. यांगझोम टॉवेल घडी करत होती. तिने घडी केली, मोडली, परत केली.

"तिथे बघण्यासारखं काही नाही, दीदी."

"तुझी अमा आहे ना."

यांगझोमला घर सोडून आठ वर्षं झाली होती. तिचीही केस लटकलेली, तिचंही तेच, बाहेर पडलं की दार बंद. चित्रलेखाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून तर ती निघाली होती.

यांगझोमने पिशवी भरून दिली. गुडघ्यांचं मलम, गरम पाण्याची रबरी पिशवी, जाड भिंगांचा चष्मा, आणि युनिफॉर्ममधला स्वतःचा एक फोटो. मग जरा घुटमळत म्हणाली, "आणि जमलं तर दोंगकारला बघून ये."

"हा कोण? मित्र का?"

"याक!" ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "मी निघाले ना, तेव्हा अमाने त्याला सोडला. माझ्या नावाने. आता त्याच्या पाठीवर ओझं ठेवायचं नाही, त्याला विकायचं नाही, मारायचं नाही. म्हातारा होऊन तो आपला आपण मरेल. तो जेवढा जगेल तेवढी माझी उमर वाढते."

"आमच्याकडे देवाला वळू सोडतात तसंच."

"असेल. याच्या कानात लाल लोकर बांधलेली असते, त्यावरून कळेल. आणि तोंड पांढरं आहे त्याचं."

"बरं. आणि येताना तुला काय आणू?"

"काही नको. तू जाऊन ये, बस."

चित्रलेखाने ऐकलं आणि नेहमीप्रमाणे सोडून दिलं. 'काही नको' म्हणणाऱ्यालाच सगळ्यात जास्त हवं असतं, हे तिला टोपीने शिकवलं होतं.

थाङमोत पोचेपर्यंत तिच्या पायाच्या दोन नखांचा रंग बदलला होता. सतरा घरं, दगडांची, एकमेकांना टेकलेली. छपरांवर सरपण. वारा असा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. विलासने दोन्ही हात पसरले.

"किती सिंपल लाइफ ना! बघा चेहरे यांचे. हॅपी पीपल."

"टॉयलेट कुठेय ते विचार आधी हॅपी पीपलना," अंजू म्हणाली. तंबूत ती चित्रलेखाच्या शेजारी झोपायची.

ग्रुपचं सामान वाहणाऱ्या खेचरांचा मालक यांगझोमचा भाऊच निघाला, लोदेन. मोसमात तो असा ट्रेकवाल्यांबरोबर असायचा. कळप वर कुरणावर, पलीकडच्या खोऱ्यातून महिन्यापूर्वीच आणलेल्या एका गुराख्याच्या हवाली. "घरात माणूस कुठे उरलंय?" तो हिंदीत म्हणाला. "एक भाऊ कतारला, एक कोरियाला. यांगझोम तुमच्याकडे."

अमा दारातच बसली होती. गुडघे इतके धरलेले की अंगणापलीकडे तिला जाववत नव्हतं. तिने चष्मा लावला नाही, मलम उघडलं नाही. फोटो घेतला आणि कपाळाला लावला. बराच वेळ तसाच. मग लोदेनला काहीतरी विचारलं.

"जाड झाली का, विचारते."

"झाली," चित्रलेखा म्हणाली.

"चांगलं झालं, म्हणते."

मग अमाने आणखी काही विचारलं. लोदेन खेचराचा पट्टा आवळत राहिला, त्याने सांगितलं नाही. पण आईचा कुठला प्रश्न शेवटचा असतो हे कळायला चित्रलेखाला भाषा लागली नाही. "लवकरच," ती म्हणाली. "जल्दी." आठ वर्षं कराडच्या फोनवर तिने हाच शब्द वापरला होता.

निघताना म्हातारीने तिच्या गळ्यात एक माळ घातली. वाळवलेल्या चीजचे दगडासारखे तुकडे, दोऱ्यात ओवलेले. "लेकीला दे," हे हातवाऱ्यांनीच कळलं. चित्रलेखाचा जीव कळवळला, कारण सिडनी विमानतळाचे नियम तिला मारुतीस्तोत्रासारखे पाठ होते. दूध नाही, चीज नाही, बी नाही, लाकूड नाही. ही माळ सरळ कचऱ्याच्या डब्यात जाणार. तिने गावाबाहेर ती गुपचूप एका हमालाला देऊन टाकली. आणि तिथपासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मग यांगझोमला न्यायचं काय? एवढं नऊ दिवस चालून तिच्या आईच्या दारातून रिकाम्या हाताने परत?

दुसऱ्या दिवशी मुक्काम हलायच्या आधी, लोदेन खाली खेचरं लादत असताना, ती अंजूला घेऊन कुरणावर चढली. नवा गुराखी तंबूच्या तोंडाशी पाठमोरा बसून चूल फुंकत होता. आणि काळ्या पाठींच्या गर्दीत ते पांढरं तोंड दिसलं.

दोंगकार प्रचंड होता. पोटाखालचे केस जमिनीला टेकलेले, धापेबरोबर नाकातून वाफ. चित्रलेखाने खिशातलं मीठ तळहातावर धरलं. त्याने खरखरीत जिभेने हात चाटून साफ केला आणि डोळे मिटले. उजव्या कानात लाल लोकरीचा गोंडा लोंबत होता. आठ वर्षांच्या बर्फाने विटलेला, तरी लाल.

चित्रलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. हे! याच्याहून दुसरं काय न्यायचं? चीज नव्हे, बी नव्हे, लाकूड नव्हे. तिच्याच नावाने बांधलेला धागा.

"अगं, चालतं का असं काढलेलं?" तिने नखांची कात्री काढलेली बघून अंजूने विचारलं.

"न चालायला काय झालं? सतरा घरांचं गाव. पोरंसोरंही ओळखत असतील याला. आमच्या कराडच्या बाजारात देवाचा वळू फिरायचा, त्याच्या कानात काय होतं? कुणी काठी उगारली नाही कधी. आणि हा जुना झालाय बघ, नवा बांधतीलच."

"थांब, थांब, फोटो! इकडे बघ. हसशील जरा?"

कच्च. दोंगकारने मानसुद्धा हलवली नाही.

लोदेनला तिने सांगितलं नाही. गोड गुपित आधी यांगझोमलाच कळायला हवं होतं. काठमांडूच्या हॉटेलात तिने गोंडा शांपूने दोनदा धुतला, ड्रायरने वाळवला, उशीखाली ठेवून सरळ केला. धुवून, वाळवून, घडी करून द्यायचं, हातांना सवयच ती. सिडनीला कस्टमच्या माणसाने तो उजेडात धरला.

"काय आहे हे?"

"धागा. ब्लेसिंग."

"नो वरीज, लव्ह."

सोमवारी दुपारी यांगझोम आली ती धावतच. आधी अमाचा व्हिडिओ बघितला, चार वेळा. चौथ्यांदा बघताना म्हणाली, "दात पडलेत तिचे," आणि तोंड फिरवलं. मग चित्रलेखाने टिशूची पुडी तिच्या हातात ठेवली, सणाच्या दिवशी एखाद्याला पेढा द्यावा तशी.

यांगझोमने पुडी उघडली. नाकाशी नेली. "शांपूचा वास येतोय," ती म्हणाली. मग एकदम, "हे कुठलं आहे?"

"ओळख बघू!"

"दीदी. कुठलं आहे?"

"तुझ्या दोंगकारचं गं! कानातलं. इतका शहाणा तो, मान पण नाही…"

"कुणी काढलं?"

"मीच."

"कोण होतं तिथे? लोदेन होता?"

"लोदेन खाली होता. गुराखी होता तिथे, पण तो…"

"नवी बांधली?"

चित्रलेखाने टेबलावरचा स्वेटर पुढे ओढला.

"दीदी, जुनी काढलीस, नवी बांधलीस का?"

"त्यांनी बांधली असेल ना. घरच्यांनी."

"घरचे कोण?" यांगझोमचा आवाज चढला नाही. म्हाताऱ्यांशी बोलतात तसा सावकाश आला. "घरची मी. अमाला वर चढवत नाही. लोदेन दसरा होईपर्यंत खेचरांबरोबर. वर आहे तो गुराखी आमच्या गावचा नाही, तो तोंड नाही ओळखत, कान ओळखतो. दसऱ्याच्या आधी खालचे व्यापारी मांसासाठी जनावरं घ्यायला येतात. लोदेन त्याला सांगून गेलाय, म्हातारे दहाबारा देऊन टाक, लाल लोकरवाला सोडून. दोंगकार चौदा वर्षांचा आहे, दीदी. केवढा आहे तू बघितलास. ते आधी त्याच्यावरच हात ठेवतील."

ड्रायरची घंटी वाजली. चित्रलेखाच्या समोर मिसेस डॉसनचा निळा स्वेटर होता, आणि हातात त्याची नावाची पट्टी, चिकटवायची राहिलेली.

दसऱ्याला बावीस दिवस होते. निरोप नऊ दिवसांत पोचला असता. पोचवणारा हवा होता फक्त.

लोदेनचा फोन बंद. तो दुसरा ग्रुप घेऊन दुसऱ्याच घाटात शिरला होता. नंबर होता तो ट्रेकच्या एजंटचा, विलासकडे.

"विलास, मला त्याचा नंबर दे. आत्ता. एक निरोप पाठवायचाय वर."

"मीच सांगतो ना. तो माझ्याशी नीट बोलतो. काय सांगायचंय?"

तिने सांगितलं.

"एक याक ना?"

"हो. एक याक."

"रिलॅक्स, चित्रा! कन्सिडर इट डन."

घरी स्पृहाने, तिच्या सोळा वर्षांच्या लेकीने, सगळं ऐकून घेतलं आणि चमचा खाली ठेवला. "मॉम, वेट. यू कट इट ऑफ? विदाउट आस्किंग एनिवन?"

"प्रेमाने केलं गं मी."

"आय नो. पण विचारलं का नाहीस?"

चित्रलेखाने आयुष्यात कुणाच्या पार्सलला नाही म्हटलं नव्हतं, तसं देताना कुणाला विचारलंही नव्हतं.

दर दोन दिवसांनी ती विलासला विचारायची. कधी तो अंगठा पाठवायचा, कधी 'डन' म्हणायचा. यांगझोम रोज दुपारी यायची, पण ड्रायरला टेकायची नाही. दारातूनच विचारायची, "काही कळलं?"

"सांगितलंय म्हणतो."

"उत्तर आलं?"

"तिथे रेंज नसते ना गं."

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी केलीव्हिलला ट्रेकचा स्लाइड शो होता. हॉल भरलेला, मागे समोसे. यांगझोम येईल असं चित्रलेखाला वाटलं नव्हतं. ती आली, केस घट्ट बांधून, शेवटच्या रांगेत बसली. पडद्यावर अमाचा चेहरा भिंतीएवढा दिसेल, एवढ्यासाठीच.

अमा चार सेकंद दिसली. "आणि या आजी! वय विचारलं तर म्हणतात माहीत नाही. दॅट इज फ्रीडम," विलास म्हणाला, आणि पुढची स्लाइड आली. दोंगकार. शेजारी चित्रलेखा, नाक लाल, उंच धरलेल्या हातात गोंडा, चेहरा आनंदाने फुललेला. खाली अक्षरं होती, 'प्रेमाची भेट.' हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "चित्रा कुरियर, याक एक्सप्रेस!" टाळ्या वाढल्या.

"आणि गंमत म्हणजे, या याकची मालकीणबाई आज आपल्यात आहे! उभी राहा गं, लाजू नकोस."

माना मागे वळल्या. यांगझोम उभी राहिली. पाहुण्यांसमोर उभं राहायचं असतं तशी, हात जोडून. अर्धं वाक्यही कळलं नव्हतं तिला, मराठी होतं ते. पण पडद्यावरचा तो रिकामा कान तिला कळत होता. ती बसली नाही, तशीच बाहेर गेली.

चित्रलेखाने विलासला समोशांच्या टेबलापाशी गाठलं. "एजंट काय म्हणाला ते मला शब्दाला शब्द सांग."

विलासने चटणी घेतली. "कोण एजंट?"

"विलास."

"अरे… ते." त्याने बशी खाली ठेवली. "राहिलंच गं. म्हणजे लिहिला होता मी मेसेज, या स्लाइड्सच्या गडबडीत पाठवायचा… थांब, हा बघ, आत्ता पाठवतो. गेला. ओके?"

"दसरा मंगळवारी आहे."

"मग तीन दिवस आहेत की."

"नऊ दिवस चालायचंय, विलास. तू चाललायस ते."

त्याने समोसा मोडला. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. पण तो कापायला मी सांगितलं नव्हतं."

तेही खरंच होतं. म्हणून तर ते तोंडावर मारल्यासारखं लागलं.

नोव्हेंबरच्या शेवटी लोदेन बाजाराच्या गावी उतरला आणि त्याचा फोन लागला. यांगझोमने चित्रलेखाला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, कपड्यांची गाडी ढकलत आणताना.

"बारा नेले. गुराख्याची चूक नाही. त्याने प्रत्येकाचा कान बघितला होता."

चित्रलेखाने हातातलं खाली ठेवलं. "यांगझोम, मी…"

"ते नाही. त्याच्यापुढचं ऐक." तिने गाडीचा ब्रेक दाबला, सवयीने. "अमाला वाटतं मी मेले."

"काय?"

"तो माझ्या नावाचा होता. तो असा गेला म्हणजे मी गेले, आणि घरचे तिच्यापासून लपवतायत. लोदेनने सांगितलं, समजावलं. त्याच्या फोनमध्ये माझा जुना आवाज होता, तोही त्याने ऐकवला. ती म्हणते, आवाज साठवलेला असतो. मेलेल्याचाही असतो. तू दिलेला फोटो तिने देवापुढे ठेवलाय. रोज माझ्या नावाचा दिवा लावते. एकोणपन्नास दिवस लावायचा असतो, आमच्यात."

"मी जाते." चित्रलेखाच्या तोंडून निघून गेलं. "रजा काढते, निनादला सांगते. मी सांगेन तिला. मला बघितलंय तिने, माझ्यावर विश्वास ठेवेल. तुझ्या हातचं काहीतरी घेऊन…"

"नको."

"अगं, ऐक तर…"

"नको, दीदी. तू काही नेऊ नकोस. आणि काही आणू नकोस." यांगझोमने युनिफॉर्मच्या खिशातून टिशूची ती पुडी काढली. इस्त्रीच्या टेबलावर, नावांच्या पट्ट्यांच्या डब्याशेजारी ठेवली. "हे पण तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे ठेवून काय करू?"

ब्रेक काढून ती गाडी घेऊन गेली. त्यानंतर दुपारचा चहा ती वरच्या मजल्यावर, थंड बाल्कनीत प्यायला लागली. समोर आली की "हॅलो, दीदी" म्हणायची. ओळख तोडली नव्हती तिने. तेवढीच ठेवली होती.

पुडीचं काय करायचं हे चित्रलेखाला सुचेना. फेकवेना, घरी नेववेना. शेवटी तिने ती कोपऱ्यातल्या निळ्या पेटीत ठेवली, बिननावाच्या मोज्यांवर. तीन आठवडे रोज येताजाता ती पेटीकडे बघायची. चौथ्या आठवड्यात दानवाली गाडी आली. तिने पुडी उचलून परत ड्रॉवरमध्ये टाकली, आणि गाडी गेल्यावर परत पेटीत.

एकोणपन्नास दिवस संपत आले तेव्हा जानेवारी चालू होता. चित्रलेखा आईला भेटायला कराडला निघायच्या तयारीत. निघायच्या आदल्या दिवशी दारावर टकटक झाली. शाल्मली, खालच्या मजल्यावर नव्याने आलेली विद्यार्थिनी. हातात छोटंसं पाकीट.

"मावशी, सगळे म्हणाले तुम्ही नेता. माझे बाबा साताऱ्याला असतात, बरं नाही त्यांना. मला या वर्षी जाता येत नाहीये, व्हिसाचं… म्हणजे तुम्हाला माहीतच असेल. त्यात फक्त एक मफलर आहे. मी विणलेला. अगदी हलका."

आत बॅग उघडी पडली होती. दोन कुर्ते, एक स्वेटर, औषधांची पिशवी. इतकी रिकामी ती कधी गेली नव्हती.

चित्रलेखाने हात पुढे केला नाही. लाल लोकरीचं एक टोक पाकिटाच्या फटीतून बाहेर आलं होतं. तिची नजर तिथेच अडकली.

"अगं," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिने कुठे ऐकलाय हे तिला वाक्य संपायच्या आधीच कळलं, "बॅगेत जागाच उरली नाही बघ."